पाच रुपयांचा पुडा आणि तळावरची लेकरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात ऊसतोड कामगारांच्या तळाचा एक फोटो आला होता. खोपीच्या दारात वर्षाच्या आतलं बाळ बसलेलं, अंगात नुसतं झबलं आणि मुठीत चुरगाळलेला पिवळा पुडा. चार दिवसांनी त्यावर एका वाचकाचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं असं की पैसा नाही म्हणून रडायचं आणि लेकराला मात्र दुकानातला कचरा चारायचा, ही गरिबी नव्हे, अडाणीपणा आहे. ते पत्र मी घडी घालून गल्ल्याखाली ठेवलं, दोनदा काढून पुन्हा वाचलं. राग आला, पण नक्की कुणाचा ते कळेना. कारण तसले पुडे विकणारी मीच आहे.

शिरोळ तालुक्यात एका साखर कारखान्याच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, माझे मालक गेल्यापासून मी बघते. यंदाचा हा माझा ३१वा हंगाम. दुकानापासून हाकेच्या अंतरावर तोडणीवाल्यांचा तळ पडतो. दिवाळीच्या पुढेमागे बीड, जालना, पाथर्डीकडच्या टोळ्या ट्रॅक्टरनं येऊन उतरतात, बांबू, ताडपत्री नि पाचट (उसाचा वाळका पाला) घालून खोपी उभ्या करतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की आवरून निघून जातात. यंदा ४०च्या आसपास खोपी आहेत. त्यांत दोन वर्षांच्या आतली २३ लेकरं. उधारीच्या वहीमुळं मला हे ठाऊक असतं. कुणाच्या खोपीत पाळणा हलला ते टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या आधी मला कळतं.

पहाटे पावणेपाचला मी शटर वर करते, तेव्हा सहा-सात बाया थंडीत पदर कानाला गुंडाळून उभ्याच असतात. त्यांच्या भाकरी थापून झालेल्या असतात, डबे बांधलेले असतात, पलीकडे ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत असतो. मागणी ठरलेली. चहापत्तीची पुडी, पावशेर साखर, मिशरी, काडेपेटी, आणि शेवटी, जवळजवळ पाठ फिरवता फिरवता, “अन् दोन पुडे द्या मावशी, लेकराचे.” एक बिस्किटाचा, एक मसाला लावलेल्या कुरकुरीत नळ्यांचा. दहा रुपये.

पहिली कितीतरी वर्षं मी याला खाऊ समजत होते. आपण जत्रेत लेकराला फुगा घेतो तसं काहीतरी. खाऊ असता तर तो कधीतरी घेतला असता. हे रोजचं होतं, रविवारीसुद्धा, लेकरू आजारी असलं तरी. हा त्या बाळाचा दिवसभराचा शिधा आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला फार उशीर लागला.

मागच्या हंगामातली एक गोष्ट सांगते. नऊ वर्षांची एक पोर, कडेवर आठ महिन्यांचा भाऊ, दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. आई-बाप उसाच्या फडात. ती बिस्किटाचा पुडा दातानं फोडायची, पाण्याच्या बाटलीचं निळं टोपण काढायची, त्यात बिस्किट चुरायची आणि वरून आमच्या नळाचं पाणी सोडायची. मग करंगळीनं ते कालवून भावाच्या जिभेला लावायची. इतकी सावकाश आणि इतकी निगुतीनं की कुणी बघितलं तर वाटावं, पोर औषध देतेय. अर्धा पुडा संपला की बाळ गप्प व्हायचं. तासाभरानं पुन्हा किरकिर. मग नळ्यांचा पुडा निघायचा. बाळाला दात कुठले! ते नळी तोंडात धरून वरचा लाल मसाला तेवढा चोखायचं, पांढरी झाली की थुंकून टाकायचं. ती भिजलेली, पांढरी नळी मग ताई खायची. तिचंही दुपारचं जेवण बहुतेक तेच.

हे सगळं मी चार हातांवरून बघत होते आणि मधेमधे दुसऱ्या गिऱ्हाइकाला साबणाची वडी देत होते.

एके दिवशी तिची आई लवकर परतली, पायात पाचट घुसलं होतं म्हणून. मी संधी साधून उपदेश केला. म्हटलं, अगं, आठ महिन्यांचं लेकरू, त्याला मऊ खिमट करून घाल की, बिस्किटावर कसं वाढेल ते? तिनं माझ्याकडं बघितलं आणि आधी मला खिमट शिकवलं. ज्वारीच्या कण्या कशा पाखडायच्या, मुगाची डाळ किती घालायची, थोरलीच्या वेळी गावात उष्टावण कसं केलं, मामानं मांडीवर घेऊन खीर कशी चाटवली, वर्षाची होईस्तोवर पोरीला दुकानातलं काही दिलं नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “मावशी, खिमट करायला मी कुठंय हितं? पहाटं केलेलं दहा वाजता आंबतंय. अन् या नऊ वरसाच्या पोरीच्या हाती चूल देऊ का? खोपीला पाचटाचं छप्पर हाय. बिस्कुट नासत न्हाई, सांडत न्हाई, पेटत न्हाई.”

अडाणीपणा म्हणणाऱ्या वाचकांनी या बाईला एकदा भेटावं.

तिचा दिवस कसा जातो तेही लिहिते, कारण शहरात हे कुणाला फारसं ठाऊक नसतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, आणि ती फिटेस्तोवर जोडी बांधलेली. पुरुष ऊस तोडतो, बाई पाला काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरायला देते. बाई बाळासाठी तळावर थांबली तर अर्धा कोयता बसला. वर खाडा कापला जातो तो वेगळा. गाडी कधी भरायला येईल याचा नेम नसतो. रात्री दहाला आली तर रात्री दहाला भरायची. तान्हं असेल तर ती फडात नेते, झाडाला किंवा गाडीच्या खाली झोळी बांधते आणि मधेमधे पाजते. पण चार-पाच महिन्यांचं झालं, पालथं पडायला लागलं, सरकायला लागलं की फडात ठेवणं अवघड. कोयते चालू असतात, पाचटात साप-विंचू असतात, ट्रॅक्टर मागं घेताना चालकाला खालचं दिसत नाही. म्हणून ते तळावर थोरल्या भावंडाकडं राहतं. म्हणजे अंगावरचं दूध दिवसभर तुटतं आणि सहा महिने पुरे व्हायच्या आतच पुड्याची गाठ पडते.

माझी धाकटी लेक सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला बाळंतपणात १८० दिवसांची पगारी रजा मिळाली. सहा महिने नुसतं आईचं दूध, मग वरचं अन्न आणि त्यासोबत दोन वर्षांपर्यंत दूध, असं जे आपण पोस्टरवर वाचतो ते तिला पाळता आलं, कारण त्या सहा महिन्यांचा पगार कुणीतरी देत होतं. कारखान्यांत-कंपन्यांत कामाला असणाऱ्या बायकांना २०१७च्या दुरुस्तीनं २६ आठवडे मिळाले. उसाच्या फडातली बाई कुणाची नोकर? कारखाना म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो मी फक्त माणसं आणून देतो.

लेकीनंच मला पुड्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. माझ्या चष्म्याला ती दिसत नाहीत आणि दिसली तरी इंग्रजीत असतात. एका ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅमला २५ ग्रॅमहून जास्त साखर लिहिलेली होती. पाच रुपयांचा पुडा पन्नासेक ग्रॅमचा धरा; म्हणजे तीनेक चमचे साखर त्या टोपणातून आठ महिन्यांच्या पोटात. उरलेला मैदा आणि पामतेल. दुसऱ्या पुड्यात मीठ आणि तिखट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३मध्ये ६ ते २३ महिन्यांच्या लेकरांसाठी जे सांगितलंय त्यात जास्त साखरेचं, जास्त मिठाचं काही देऊच नये असं आहे. सोबत चहा असतोच. बशीत गार केलेला चहा आणि त्यात बुडवलेलं बेकरीतलं बटर, हे तर तळावर लेकरू सहा महिन्यांचं झाल्यापासून चालतं. चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं. दुकानात रोज दोन किलो चहापत्ती विकणारीला!

लेक म्हणते, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात ६ ते २३ महिन्यांच्या शंभर लेकरांत जेमतेम नऊ जणांना पुरेसं आणि चौरस अन्न मिळत होतं, आणि पाच वर्षांखालची शंभरातली जवळजवळ ६९ रक्तक्षयाची होती. शंभरातली नऊ! म्हणजे उरलेली ९१ काही सगळी तळावरची नसणार. त्यांत तुमची-आमची पण आली.

इथं मला माझं घरचंच सांगायला हवं. माझा नातू इचलकरंजीत असतो, लेकाचा. वर्षाचा होता तेव्हापासून मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घेत नव्हता आणि त्याच्या खिशात कायम क्रीमची बिस्किटं. सून शिकलेली, लेक शिकलेला, आणि ती बिस्किटं पोचवणारी आजी म्हणजे मी. पण त्याच्या पोटात बिस्किटाच्या आधी वरणभात-तूप गेलेलं असायचं, नंतर अंडं, केळं, दूध असायचं. आमच्या घरी बिस्किट जेवणाच्या वर आहे. तळावर ते जेवणाच्या जागी आहे. लेकराची भूक एवढीशी, वाटीभर. ती गोड पिठानं मारली की संध्याकाळी आई भाकरी वरणात कुस्करून घालते तेव्हा ते तोंड फिरवतं. दिवसभर पाजलं नाही की दूधही आटत जातं. मग आई म्हणते, “बिस्कुटाशिवाय काही खातच न्हाई बघा.” आणि ते खरंच असतं.

आता दुकानदारीचं. दर मंगळवारी मालवाला येतो. पोरगा गोड आहे, मला आई म्हणतो. त्यानं मला शिकवलं की पुड्यांच्या माळा वर टांगायच्या नाहीत, खालच्या कडीला लावायच्या, “पोरांच्या हाताला आल्या पाहिजेत आई.” रांगतं लेकरू पायरीवर आलं की आधी त्याचा हात त्या चकाकत्या कागदाला जातो. दहा माळांवर एक माळ फुकट अशी स्कीम असते, आणि एका पुड्यामागं मला साठ-सत्तर पैसे सुटतात. थोडे वाटतात, पण हंगामात रोज दीडशे पुडे जातात. गूळ-शेंगदाण्यात एवढं सुटत नाही, आणि वर उंदीर. पाच रुपयांना माझ्याकडं दुसरं काय मिळतं तेही सांगते. अंडं सातला, तेव्हा अंडं गेलं. केळं एक, तेही मी शुक्रवारच्या बाजारातून आणलं तर. शेंगदाणे मूठभर, जे दात नसलेल्या लेकराच्या घशात अडकतील. मूगडाळ दीड मूठ, पण तिला चूल पाहिजे, भांडं पाहिजे, अर्धा तास पाहिजे. पुड्याला यातलं काही लागत नाही.

यात एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्याकडं वरच्या फळीवर बाळाच्या दूधभुकटीचे दोन डबे असतात. त्यांच्यासाठी १९९२चा कायदा आहे, २००३मध्ये तो आणखी आवळला. दोन वर्षांखालच्या लेकरांचं दूध, बाटली, डब्यातलं अन्न यांची जाहिरात करता येत नाही, डब्यावर गोंडस बाळाचं चित्र छापता येत नाही, आईचं दूधच सगळ्यांत चांगलं हे छापावंच लागतं. चांगला कायदा आहे. पण तो डबा तळावर कोण घेतं? ३१ हंगामांत दोघींनी घेतला असेल. त्यांतल्या एकीनं तो महिनाभर पुरवायचा म्हणून इतकं पातळ कालवलं की बाटलीतून पलीकडचं दिसत होतं. बिस्किटाला आणि नळ्यांना हा कायदा लागू नाही, कारण ते कागदावर बाळाचं अन्न नाहीत. त्यांच्यावर वाघ, माकड, गाडी, काय वाटेल ते छापता येतं. कायदा वरच्या फळीवर राखण करत बसलाय आणि खालच्या कडीला लेकराचा हात पोचलाय.

अंगणवाडीविषयी लिहिताना मला जपून लिहायचंय, कारण आमच्या सेविकाबाई मनापासून काम करतात आणि त्यांना दोन वस्त्या, लसीकरण, सर्व्हे आणि मोबाइलवरची सतरा कामं असतात. नियम असा की सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला घरी न्यायचा शिधा द्यायचा. केंद्र सरकारनं २०१७ला त्यासाठी दिवसाला ८ रुपये धरले होते. आठ रुपये बघा आणि माझ्याकडचे दहा रुपये बघा. तरी ते आठसुद्धा तळावर पोचताना अडतात. लेकराचं नाव बीडच्या अंगणवाडीत. ते इकडं वळवून घ्यायला मोबाइल लागतो, ज्या नंबरवर निरोप येणार तो फोन गावाकडं सासूजवळ. २०२५च्या जुलैपासून शिधा घेताना चेहरा जुळवायला लागतो. उसात दोन महिने काढलेल्या बाईचा चेहरा आधारकार्डावरच्या चेहऱ्याशी माणसाला जुळवता येत नाही, तर मशीनला काय जुळणार! अंगणवाडी उघडते दहाला. बाई फडाकडं निघते सव्वापाचला. एकदा सेविकाबाईंनी स्वतः डोक्यावर पोतं घेऊन तळावर पाकिटं वाटली. त्यातली काही नंतर मी शेजारच्या म्हशीच्या घमेल्यात बघितली. म्हणजे पुन्हा अडाणीपणा? मी विचारलं तेव्हा कळलं, पीठ कडवट लागत होतं आणि शिजवायला कुणी नव्हतंच.

यंदा मी एक उद्योग करून बघितला. लहानपणी माझी आई सातूचं पीठ करायची, गहू आणि डाळं भाजून दळलेलं. त्याला चूल लागत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात गूळ विरघळवून कालवलं की झालं. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट द्यायचं, वर तेलाचे चार थेंब. (गूळही साखरच, असं लेक ओरडली. बरोबर आहे तिचं. पण बिनगुळाचं पहिल्या दिवशी एकाही लेकरानं घेतलं नाही, आणि मला आधी पुड्याशी टक्कर द्यायची होती. आता गूळ नखभर आणलाय.) पाच किलो केलं, ४० ग्रॅमच्या पुड्या बांधल्या, किंमत पाच रुपये. दुकानात मोठा थर्मास ठेवला, उकळलेल्या पाण्याचा, आणि चार स्टीलच्या वाट्या. ज्या पोरीकडं बाळ आहे तिनं यायचं, वाटी घ्यायची, कालवायचं, इथंच पायरीवर भरवायचं, वाटी धुऊन ठेवायची.

पहिल्या आठवड्यात तीन पुड्या खपल्या. त्यांतली एक मीच फुकट दिली होती. एक चिमुरडी पुडी उलटसुलट करून बघत म्हणाली, “मावशी, पिवळ्या पुड्यात गाडी निघती. ह्याच्यात काय निघतंय?” मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सातूच्या पुडीबरोबर एक टिकली द्यायला लागले, लेकराला नव्हे, भरवणाऱ्या ताईला. तेव्हापासून जरा बरं चाललंय. आज २३ लेकरांपैकी नऊ जणांच्या ताया रोज येतात, आणखी दोघी-तिघी मनात आलं तर. वाट्या चारच्या तीन झाल्यात. गॅसचा खर्च धरला तर या धंद्यात मला तोटा आहे, आणि तो मी हंगामभर सोसेन, पुढच्या हंगामाचं आत्ता सांगत नाही.

माळांचं विचाराल, तर त्या मी काढलेल्या नाहीत. दारातून आत, तंबाखूच्या कपाटाशेजारी सरकवल्या, एवढंच. लगेच दोन दिवसांत समोरच्या पानटपरीवाल्यानं त्याच माळा खालच्या कडीला लावल्या. मालवाल्या पोरानंच त्याला सांगितलं असणार. मला दोष देता येत नाही, मी पण तेच केलं असतं.

तर मला जे मागायचंय ते हे. आमच्या तळावर हंगामाचे पाच महिने पहाटे साडेचारला उघडणारं पाळणाघर हवं. एक पक्की खोली, त्यात गॅसची शेगडी, एक बाई जी दहाला आणि तीनला मऊ खिमट शिजवेल, एक बाई जी लेकरं बघेल. फडात पाजायला बाळ नेणाऱ्यांसाठी दुपारी एक फेरी ट्रॅक्टरनं, ट्रॅक्टर तर दिवसभर ये-जा करतच असतो. कारखान्याच्या आवारात वीज आहे, पाणी आहे, साहेबांच्या गेस्टहाउसला एसी आहे. पैशाचं म्हणाल तर ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचे असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे होतात एक कोटी. मी सातवी शिकलेली बाई, पण दोन बायांचा पगार, गॅस, तांदूळ आणि डाळ याचा हिशेब मला येतो. तो पाच महिन्यांचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर करून ठेवलाय आणि तो कोटीच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. कुणाला हवा असेल तर पान फाडून देईन.

आणि त्या खोलीत आधी ती नऊ वर्षांची पोर सुटेल. तिच्या कडेवरचं बाळ उतरलं तर ती शाळेत जाईल, निदान दुपारचं शाळेतलं जेवण तरी तिच्या पोटात जाईल. यंदा ती आलेली नाही. आई-बाप आलेत, लहान भाऊ आलाय, आता पावणेदोन वर्षांचा, केस तांबूस आणि पोट पुढं. ती कुठं आहे विचारलं तर आई म्हणाली, आजीकडं ठेवलीय. भावाला आता पाच वर्षांचा चुलतभाऊ बघतो. तो पुडा दातानं फोडतो, पण टोपणात कालवत बसत नाही. आख्खं बिस्किट हातात देतो आणि खेळायला जातो.

तुमच्या फोटोखाली ‘दुपारी टिपलेले छायाचित्र’ असं लिहिलं होतं. दुपारी तळावर नुसती लेकरं आणि कुत्री असतात, त्यामुळं आईचा फोटो येत नाही आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, आई कुठं गेली. तुमच्या प्रतिनिधीला आणि त्या पत्रलेखक गृहस्थांनाही माझं बोलावणं आहे. पावणेपाचला या. शटर अर्धं वर असतं, चहा मी देईन. ट्रॅक्टर सव्वापाचला सुटतो, तेवढ्या अर्ध्या तासात जिला विचारायचं तिला विचारून घ्या.

आपली,
एक किराणा दुकानदार, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
(गावात आणि कारखान्यावर रोजचा व्यवहार आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)